ज्याचं खोल गेलं

स्वतःचाच लेख वाचताना ॲडव्होकेट वैजयंता बाबर यांना दुसऱ्या पानावर जांभई आली आणि चौथ्या पानावर रागानं कान तापले.

मुद्दे त्यांचेच होते, क्रम त्यांचाच होता, निष्कर्षही त्यांनीच काढलेला होता. पण सबंध लेखात एकही वाक्य त्यांचं नव्हतं. लग्नाला आलेल्या पाहुण्याला धरून बँडवाल्यांचा गणवेश चढवावा आणि रांगेत उभं करावं, तशी त्या लेखाची गत झाली होती.

"हे मी लिहिलंय?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

सूर्यकांत बाबर निवृत्त शिक्षक होते आणि मोजकं बोलत. त्यांनी पडद्यावरून नजर फिरवली. "छे. तू लिहितेस तेव्हा वाचणाऱ्याला शेजारच्या खोलीत भांडी आपटल्याचा भास होतो. हे अगदी शांत आहे. समतलनं काम चोख केलंय म्हणायचं."

समतल हे यंत्र कायद्याच्या नियतकालिकांनी हौसेनं आणलं नव्हतं, गळ्याशी आलं म्हणून आणलं होतं. माणसाच्या लिहिण्याला त्याच्या चालण्यासारखी लकब असते. कोण वाक्य लांबवतो, कोण 'परंतु' म्हणतो आणि कोण 'पण', कोण आधी उदाहरण देतो आणि मग नियम सांगतो. काही वर्षांपूर्वी अशी यंत्रं निघाली की ती चार पानं वाचून लेखकाचं नाव सांगू लागली. झालं! लेखावरचं नाव झाकून परीक्षण करायची जुनी पद्धत नुसती दाखवायला उरली. त्यातून कायद्याची बरीच नियतकालिकं विद्यार्थी चालवतात. समोरचा लेख आपल्याच परीक्षकाचा आहे हे कळल्यावर विशी-बाविशीतली पोरं तो परत कशी पाठवणार? पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतो?

म्हणून समतल. लेख आत गेला की ते आधी त्याचा सांगाडा काढतं. दावा कोणता, त्याला आधार कोणता, आधाराला पुरावा कोणता, आणि एकातून दुसरं निघतं कसं. मग मूळ शब्द बाजूला ठेवून त्या सांगाड्यावर सपाट, एकसारखी भाषा चढवतं. लेखक आणि संपादक यांच्यातली पत्रंसुद्धा याच वाटेनं जातात. कोण कोणाशी बोलतंय ते कोणालाच कळत नाही.

वैजयंताबाई पूर्वी या यंत्राच्या मोठ्या चाहत्या होत्या, हे सांगितलं पाहिजे. तालुक्याच्या कोर्टात तीस वर्षं काळा कोट झिजवणाऱ्या वकिलाचा लेख आता एखाद्या नामवंत प्राध्यापकाच्या लेखाशेजारी त्याच कपड्यांत उभा राहू शकत होता. समतल आलं नसतं तर त्यांनी 'न्यायकाठ'ला लेख पाठवायचं धाडस केलंच नसतं.

त्याला कारणही तसंच होतं. 'न्यायकाठ' चालवणारे विद्यार्थी ज्या विधी महाविद्यालयाचे, त्याचे प्राचार्य होते डॉ. जयवंत शेलार. वैजयंताबाईंचे सख्खे थोरले भाऊ. आणि लेख होता त्यांच्याच पुस्तकातल्या एका वाक्याविरुद्ध.

"वाघाच्या गुहेत जाऊन वाघाच्या मिशा मोजायच्या," सूर्यकांतराव म्हणाले होते. "दुसरीकडे पाठव ना."

"दुसरीकडे तळटिपा नुसत्या मोजतात. तिथली पोरं एकेक तळटीप तपासतात. समितीपुढे टिकायचं तर लेख तिथूनच आला पाहिजे."

समिती नेमली होती सरकारनं, गाळपेर जमिनींसाठी. धरणाचं पाणी ओसरू लागलं की काठाकाठानं काळी, मऊ जमीन उघडी पडते, ती गाळपेर. पावसाळ्यात ती तळ्याचा तळ असते आणि थंडीत तिचं शेत होतं. आजवर ती धरणात घरदार गेलेली माणसं आपसांत वाटून पेरत आली होती. आता उपग्रह रोज सकाळी पाण्याची कड वीतभराच्या अचूकपणानं मोजू लागले होते, आणि त्या मापानं जमिनीचे पट्टे सौरऊर्जेच्या कंपन्यांना लिलावानं द्यावेत असा मसुदा तयार होता. त्यात आधार म्हणून एकच वाक्य पुन्हा पुन्हा आलं होतं. 'धरणानंतर बुडीत गावांत जमीनवाटपाची कोणतीही रूढी टिकलेली नाही.' वाक्य जयवंत शेलारांचं.

सोनजाई धरणाच्या काठावरची मोरवंडीची माणसं हा मसुदा घेऊन वैजयंताबाईंकडे आली होती. मोरवंडी हे बाईंचंही गाव, पण त्यांनी ते पाहिलेलं नव्हतं. त्या पाळण्यात असताना ते पाण्याखाली गेलं. समिती महिनाअखेरपर्यंतच आक्षेप घेणार होती आणि तेही छापून आलेल्या संशोधनाच्या आधारेच. लेख छापला नाही तर पुढच्या थंडीत मोरवंडीकरांनी पाण्याची कड नुसती बघत बसायची.

आठवड्यानं संपादकाची हरकत आली. खाली सही, 'संपादक सात'.

'पान सहा. स्थानिक प्रथेनुसार वाटप होते असे लेखक नमूद करतात. प्रथा कोणती, हे स्पष्ट होत नाही. हा मुद्दा सिद्ध न झाल्यास लेखाचा निष्कर्ष सिद्ध होत नाही.'

बाईंचा पारा चढला. त्यांनी तिथल्या तिथं उत्तर ठोकलं. 'अहो शहाणे, डोळे आहेत की भोकं? दोन पानं भरून पाच माणसांचे जबाब दिलेत, ते काय शोभेला?' समतलनं ते पुढे पाठवताना त्यांना दाखवलं, 'आपल्या सूचनेबद्दल आभार. संबंधित तपशील लेखात समाविष्ट असल्याचे लेखकाचे मत आहे.'

मग त्यांनी मूळ लेख आणि सपाट लेख शेजारी ठेवून पान सहा काढलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्या लेखात मोरवंडीच्या शेवंताकाकू बोलत होत्या. "आमच्यात वाद न्हाई बाई. ज्याचं खोल गेलं, त्यानं आधी पेरलं." पुढचे चौघेही आपापल्या परीनं तेच म्हणत होते. ज्याचं शेत नदीकाठी सगळ्यांत खोल होतं, त्याची जमीन कितीही पाणी ओसरलं तरी वर येत नाही. म्हणून उघड्या पडलेल्या जमिनीचा पहिला वाफा त्याचा. मग त्याच्याहून कमी खोलवाल्याचा, असं काठापर्यंत. ज्यानं जास्त गमावलं, त्याला आधी. पंचांची बैठक नाही, कागद नाही. ते एक वाक्य हाच मोरवंडीचा कायदा होता.

आणि समतलनं ते वाक्य म्हण समजून काढून टाकलं होतं. म्हण म्हणजे शैली, शैली म्हणजे लेखकाची ओळख, आणि ओळख पुसणं हेच तर त्याचं काम. पाच जणांचे जबाब त्यानं एकाच गोष्टीची पुनरुक्ती ठरवून तीन शब्दांत बसवले होते. 'स्थानिक प्रथेनुसार वाटप.'

बाईंनी नियम कोरड्या भाषेत लिहून पाठवला. सर्वाधिक खोल जमीन गमावणाऱ्यास पेरणीचा प्रथम हक्क. समतलनं तो जाऊ दिला. संपादक सातचं उत्तर आलं, 'हे प्रथेचे शब्द आहेत की लेखकाने लावलेला अर्थ? रूढी सिद्ध करण्यासाठी लोक ती कोणत्या शब्दांत सांगतात हे आवश्यक आहे.'

बाई खुर्चीत मागे रेलल्या. प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. समोरच्या वकिलानं हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी मनातल्या मनात त्याला दाद दिली असती. लोकांचे शब्द हवे होते आणि लोकांचे शब्दच समतल पलीकडे जाऊ देत नव्हतं.

एक वाट होती. समतलमुळे पुरावाच बुडाला असं लेखकाला वाटलं तर त्याला 'उघड वाचन' मागता येई. मग संपादक मूळ लेख वाचत. पण मग दोन्हीकडची नावं उघडी होत, कायमची.

"दादाला कळेल," वैजयंताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा लहान झाला होता. वडिलांच्या माघारी जयवंतदादानंच त्यांना शिकवलं होतं. करारनामा म्हणजे काय, हे त्यानं त्यांना शेंगदाण्याच्या पुड्यांची देवाणघेवाण करून समजावलं होतं. त्याच्याशी कोर्टात भांडायची पाळी आली असती तर त्या हसत भांडल्या असत्या. पण तो आपल्यावर रुसला, तर जेवण गोड लागणार नव्हतं.

"आज ना उद्या कळणारच," सूर्यकांतराव म्हणाले. "छापल्यावर काय लेखावर माझं नाव घालणार होतीस?"

बाईंनी उघड वाचनाचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये फोन वाजला. "मॅडम, मी अल्फिया मुजावर. चौथ्या वर्षाला आहे. मी संपादक सात."

बाई काही बोलायच्या आत पलीकडून दबकं हसू आलं. "आपली पत्रंपण उघडी झालीत मॅडम. 'डोळे आहेत की भोकं' हे मलाच होतं ना?"

"अगं बाई!" वैजयंताबाईंनी कपाळाला हात लावला. "ते... बरं, तू काय लिहिलं होतंस? तुझं पत्र कोरडं ठाक होतं."

"मी लिहिलं होतं, इतका जीव लावून लिहिलेला लेख आणि नेमका इथंच पाय घसरावा ना. मी दोनदा वाचला. माझ्या मामांचं घर कोयनेच्या बाजूला आहे, त्यांनाही दाखवावासा वाटला."

इतके दिवस एक मुलगी बाईंशी मायेनं बोलत होती आणि त्या तिच्यावर ओरडत होत्या, आणि मधलं यंत्र दोघींना एकाच थंड आवाजात एकमेकींचे आभार मानायला लावत होतं.

"मूळ लेख वाचला मी," अल्फिया म्हणाली. "रूढी आहे, मला पटलं. पण मॅडम, तुमचे पाचही साक्षीदार तीच जमीन मागणारे आहेत. हितसंबंधी. या प्रथेत ज्याला काही मिळवायचं नाही असा एक तरी माणूस हवा, ज्यानं ती डोळ्यांनी पाहिलीय."

"असा एकच माणूस जिवंत आहे. तुमचे प्राचार्य."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तो माझा भाऊ. आमच्या वडिलांचं, आबांचं शेत मोरवंडीत सगळ्यांत खोल होतं. धरण भरलं त्या पहिल्या थंडीत आबांनी पहिला वाफा पेरला म्हणतात. मी तान्ही होते. दादा तेव्हा दहा वर्षांचा, आबांबरोबर गेलेला." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या पुढच्या शिक्षणाचं शिफारसपत्र कोण देणार?"

"सरच."

"मग माघार घ्यायची असेल तर घे. मी वाईट वाटून घेणार नाही."

"माघार नाही घेत मॅडम," अल्फिया सावकाश म्हणाली. "पण साक्षीदाराशिवाय लेखही घेणार नाही. तुम्ही कितीही ओरडा."

वैजयंताबाईंना त्या मुलीचा पापा घ्यावासा वाटला.

रविवारी त्या भावाकडे गेल्या तेव्हा जयवंतदादा अंगणात भिजवलेले पावटे सोलत बसले होते. बायको गेल्यापासून स्वयंपाक तेच करत आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. बाईंनी पाट ओढला आणि त्याही सोलायला बसल्या. निम्मं पातेलं होईपर्यंत त्यांनी सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही.

दादांची बोटं थांबली नाहीत. "मला खोडायचं होतं तर खोडायचंस. चोरून कशाला?"

"चोरून नाही दादा. निनावी."

"घरात त्याला चोरूनच म्हणतात."

बाईंना ते लागलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पावट्याच्या हातानं पुसलं आणि डोळे आणखीच चुरचुरले.

"आबा पेरायला गेले होते ना?" त्यांनी विचारलं.

दादा बोलले ते पातेल्याकडे बघतच. "गावची माणसं शहरात आली होती त्यांना न्यायला. आबांनी मोबदला घेतला होता, तरी आली. काठावर सगळे उभे, हातात बी घेऊन. आबा वाफ्यात उतरेपर्यंत कुणी मातीला हात लावला नाही. आबांनी मूठभर हरभरा टाकला. हात धुतले. परत येताना एसटीत म्हणाले, माझं वावर तिथं खाली आणि मी वर पेरतोय. पुन्हा कधी गेले नाहीत. तो कायदा नव्हता वैजू. ते दुःख होतं. दुःखाला मी पुस्तकात रूढी म्हणून कसं घालू? आणि आबांबरोबर ते संपलं."

"संपलं नाही दादा." बाई म्हणाल्या. "शेवंताकाकूंनी मला दाखवलं. दर थंडीत पहिला वाफा मोकळा सोडतात. शेलारांचा वाफा म्हणतात त्याला. शेलार आले नाहीत म्हणून पुढचे पेरतात, पण त्या वाफ्यात कुणी पाय टाकत नाही. अजून. हे मला लेखात घालता आलं नाही. शेलार म्हटलं की मी ओळखू आले असते."

दादांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "रिकामा ठेवतात?"

"इतकी वर्षं."

ते उठले, हात धुतले आणि आत गेले. बाईंनी उरलेले पावटे सोलले, पातेलं झाकलं, ओसरीवर थोडा वेळ वाट पाहिली. दादा बाहेर आले नाहीत. त्या दिवशी बहीण भावाकडून न जेवता घरी आली. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. दादांचा फोन नाही. अल्फियानं दोनदा विचारलं, दोनदा बाईंनी 'बघू' म्हटलं. शेवटी अंक बंद करायचा दिवस उजाडला. साक्ष येणार नाही हे स्वतः तोंडानं सांगावं, एवढा तरी त्या पोरीचा हक्क आहे, असं म्हणून बाई 'न्यायकाठ'च्या खोलीवर गेल्या.

खोलीत सहा-सात मुलं, तिप्पट चहाचे पेले आणि एक कळकट सोफा. अल्फिया दिसायला अगदीच किरकोळ निघाली, आवाजावरून वाटली त्याच्या निम्मी. त्या खोलीचा एक जुना दंडक होता. शिक्षकांनी दारातून बोलायचं, उंबरा ओलांडायचा नाही. लेख निवडायचे ते पोरांनीच. हा दंडक ज्या पहिल्या विद्यार्थी संपादकानं घातला, तोच पुढे तिथं प्राचार्य झाला होता, आणि इतक्या वर्षांत त्यानं तो एकदाही मोडला नव्हता.

बाई बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मुलं एकदम उठून उभी राहिली. दारात जयवंत शेलार उभे होते. पायजम्याला गुडघ्यापर्यंत काळा चिखल, चपला त्याहून काळ्या.

"सर?" अल्फियाचा आवाज चिरकला.

"प्राचार्य म्हणून आलेलो नाही," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "तुम्हाला एक साक्षीदार हवा होता असं कळलं."

अल्फियानं एकदा बाईंकडे पाहिलं. मग तिनं ओढणी सारखी केली आणि तिच्या तोंडून संपादक सात बोलू लागली. "साक्षीदाराला आत यायला हरकत नाही. पण आधी एक प्रश्न, सर. शेलारांचा वाफा म्हणून तिथं एक वाफा आहे, असं लेखिका सांगतात. म्हणजे तुमचाही हितसंबंध आहे."

हे वैजयंताबाईंच्या स्वतःच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आज सकाळपर्यंत होता," दादा म्हणाले. "पहाटे मोरवंडीच्या काठावर गेलो. शेवंताकाकूंना म्हटलं, आमचं नाव सोडा, तुमचं वावर आमच्या खालोखाल खोल, तुम्ही पेरा. तर म्हातारी ऐकेना. म्हणाली, आधी तू पेर, मग मी घेते. ज्याचं खोल गेलं..." ते पोरांसमोर रडणारे नव्हते, पण त्या दिवशी रडले. "मूठभर हरभरा टाकला. हात धुतले. आता तिथं माझं काही नाही. उरलं ते एक पुस्तक, आणि त्याच्या विरुद्धच बोलायला आलोय."

"स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेला जबाब," अल्फिया हळूच म्हणाली. "याला जास्त वजन असतं. हे तुम्हीच शिकवलंत, सर."

"माहितेय. आत येऊ का?"

"या."

त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि उंबरा ओलांडला. सोफ्यावर बहिणीशेजारी बसताना ते कुजबुजले, "घरी पावटे तसेच आहेत. फ्रीजमध्ये. तुझ्यावाचून उसळ केली नाही."

"शिळे झाले असतील रे," वैजयंताबाई म्हणाल्या आणि त्यांना रडू आणि हसू एकदमच आलं.

लेख छापला गेला. छापायचा तो समतलमधूनच या नियमानं, सगळा सपाट, गुळगुळीत भाषेतला. फक्त पान सहावर शेवंताकाकूंचं वाक्य जसंच्या तसं होतं, कारण अल्फियानं समतल चालवणाऱ्यांना कळवलं होतं की म्हण ही नेहमीच शैली नसते, कधीकधी तोच पुरावा असतो, आणि त्यांनी ते मान्य करून यंत्राला तसं शिकवायला घेतलं. समितीनं लिलावाचं कलम बाजूला ठेवून मोरवंडीकरांना सुनावणीला बोलावलं. पुढचं पुढे.

अंक हातात आला तेव्हा वैजयंताबाईंनी लेख वाचलाच नाही. त्यांनी थेट पान सहाची तळटीप काढली आणि नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवली.

'डॉ. जयवंत शेलार यांची प्रत्यक्ष साक्ष. साक्षीदार हे लेखिकेचे बंधू व या महाविद्यालयाचे प्राचार्य आहेत. रूढी अस्तित्वात असून आजही पाळली जाते, असे ते स्वतः पाहून सांगतात व आपल्या ग्रंथातील विधान मागे घेतात. लेखाच्या उर्वरित निष्कर्षांशी ते सहमत नाहीत आणि त्याबद्दल लेखिकेशी दर रविवारी भांडणार आहेत.'

"हे शेवटचं वाक्य समतलनं कसं जाऊ दिलं?" सूर्यकांतरावांनी विचारलं.

"अल्फियानं पुरावा म्हणून ठेवलं," वैजयंताबाई म्हणाल्या आणि रविवारसाठी पावटे भिजत घालायला उठल्या.